ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात बिनपंख्याचा संगणक: आधी वॅट ठरवा, मग हीटसिंक

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरी आपण आईंच्या आवाजातल्या बंदिशी ध्वनिमुद्रित करत आहात आणि तानपुऱ्याचा नाद विरत असताना संगणकाच्या पंख्याची घरघर मुद्रणात उतरते, असे आपण लिहिले आहे. त्यावर उपाय म्हणून सहा कोअरचा प्रोसेसर, एक लहान ग्राफिक्स कार्ड आणि बाजारात मिळेल तो सर्वांत मोठा हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता शोषून हवेत सोडणारा धातूचा, पात्यांचा ठोकळा) घेऊन पंखा नसलेला संगणक बांधावा का, असा आपला प्रश्न आहे. अवश्य बांधावा. अशा कामासाठी तो बांधण्यासारखे सार्थक दुसरे नाही. मात्र आपण विचाराची सुरुवात हीटसिंकपासून केली आहे, ती मे महिन्यातल्या आपल्या खोलीपासून करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पंखा नसलेला हीटसिंक प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा काही अंश वर स्थिर ठेवतो, आणि हा फरक ढोबळमानाने खर्च होणाऱ्या वॅटच्या प्रमाणात वाढतो. हीटसिंकची परीक्षणे बहुधा २० ते २५ अंशांच्या खोलीत केलेली असतात. समजा, २२ अंशांच्या खोलीत एखादा प्रोसेसर पूर्ण भाराखाली ६८ अंशांवर स्थिरावला, तर फरक ४६ अंशांचा झाला. तोच संच ४० अंशांच्या खोलीत ८६ अंशांच्या आसपास जाईल, आणि बंदिस्त कॅबिनेटमध्ये त्याहूनही वर. आपल्याकडे मे-जूनमध्ये बाहेरचा पारा ४५ च्या पुढे जातो. गच्चीखालच्या खोलीचे दगडी छत दिवसभर तापून रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते, त्यामुळे मुद्रणासाठी निवडलेली रात्रीची शांत वेळही थंड नसते. जानेवारीत बांधलेला संगणक इथे यशस्वी वाटतोच. त्यावरून काहीही ठरवू नये.

म्हणून आधी वॅट ठरवावेत, आणि ते खोक्यावरचा आकडा वाचून ठरवू नयेत. एएमडीच्या ज्या रायझन प्रोसेसरवर ६५ वॅट छापलेले असते, तो मदरबोर्डच्या मूळ मांडणीत ८८ वॅटपर्यंत ओढू शकतो. इंटेलच्या आय५-१२४०० वर मूळ शक्ती ६५ वॅट दिली असली, तरी टर्बोची, म्हणजे थोड्या वेळासाठी वेग वाढवण्याची, कमाल मर्यादा ११७ वॅट आहे. नावाच्या शेवटी टी अक्षर असलेले ३५ वॅटचे इंटेल प्रोसेसरसुद्धा थोड्या वेळासाठी त्याच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहूनही वर जातात. पंखा असताना हे झटके जाणवत नाहीत; पंखा नसताना तेच त्रास देतात. त्यामुळे बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ मांडणीच्या पडद्यावर) जाऊन इंटेलच्या दीर्घ आणि अल्प मुदतीच्या दोन्ही शक्तिमर्यादा, किंवा रायझनचा कमी वॅटचा इको मोड, पहिल्याच दिवशी हाताने बसवावा.

आपल्या कामाला खरोखर किती शक्ती लागते, तेही पाहू. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट दर्जाचा एक ट्रॅक सेकंदाला १४४ किलोबाइट, म्हणजे तासाला साधारण अर्धा गिगाबाइट जागा घेतो. गळा आणि तानपुरा असे दोन ट्रॅक मुद्रित करताना प्रोसेसर जवळजवळ रिकामाच असतो. खरखर काढण्याची प्रक्रिया जड असते हे खरे, पण ती गाणे चालू असताना करायची नसते, आणि तिला दहा मिनिटे जास्त लागली तरी कोणाचे काही अडत नाही. आपले काम एवढेच असेल, तर इंटेल एन१०० हा चार कोअरचा प्रोसेसर पुरेल. मूळ ६ वॅटचा हा प्रोसेसर मदरबोर्डवरच जोडलेला, बिनपंख्याच्या हीटसिंकसह मिळतो. त्यातल्या काही बोर्डांना लॅपटॉपसारखा १९ व्होल्टचा बाहेरचा अडॅप्टर चालतो, त्यामुळे वीजपुरवठ्याची उष्णताही कॅबिनेटबाहेर राहते. पुढे अनेक ट्रॅकचे मिश्रण करण्याचा विचार असेल तरच ग्राफिक्स आतच असलेला सहा कोअरचा रायझन ५६००जी घ्यावा आणि तो ४५ वॅटच्या मांडणीत चालवावा. वेगळे ग्राफिक्स कार्ड दोन्ही परिस्थितींत घेऊ नये. ध्वनिमुद्रणात त्याचा उपयोग नाही आणि साधे कार्डही २०-३० वॅटची उष्णता पेटीत आणते.

रायझन घेतल्यास हीटसिंकचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे नॉक्टुआ एनएच-पी१ सारखा, २०२१ साली आलेला, जवळपास १.२ किलो वजनाचा हीटसिंक. त्याच्या पात्या जाड आणि एकमेकींपासून लांब आहेत. पंख्याशिवाय हवा फक्त तापून हलकी झाल्यामुळे वर सरकते आणि दाट पात्यांमधून तिला वाट मिळत नाही, म्हणून नेहमीच्या कूलरचा पंखा नुसता काढून ठेवल्याने काम भागत नाही. पात्यांच्या फटी खालून वर अशा उभ्या राहतील असाच तो बसवावा, आणि कॅबिनेटचा तळ व माथा दोन्ही जाळीचे असावेत. काचेच्या बाजू आणि बंद माथा असलेली कॅबिनेटे दुकानदार हौसेने दाखवतात. ती इथे निरुपयोगी आहेत. दुसरा मार्ग स्ट्रीकॉम किंवा एचडीप्लेक्सच्या कॅबिनेटांचा, ज्यांत हीट पाइप म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या प्रोसेसरची उष्णता थेट ॲल्युमिनियमच्या जाड भिंतींपर्यंत नेतात. भिंतींवरचा ॲनोडाइझ केलेला थर केवळ शोभेचा नसतो, कारण चकचकीत धातूपेक्षा असा पृष्ठभाग कितीतरी अधिक उष्णता प्रारणाने बाहेर टाकतो, आणि वारा नसताना प्रारणाचा वाटा मोठा असतो. माझा कल आपल्या हवेत पहिल्या मार्गाकडे आहे. तो स्वस्त पडतो, आणि अगदी गरज भासल्यास खाली एक मोठा, मंद पंखा जोडण्याची सोय उरते. कोणताही मार्ग घेतला तरी संगणक टेबलाच्या कप्प्यात ढकलू नये. तळाखाली चार-पाच सेंटिमीटर मोकळी जागा ठेवावी.

लोक प्रोसेसरचे तापमान पाहून समाधानी होतात आणि मदरबोर्डकडे पाहत नाहीत. प्रोसेसरशेजारच्या व्होल्टेज नियंत्रकांना नेहमीच्या संगणकात पंख्याचा वारा आयता मिळतो. तो वारा आता नसेल, म्हणून त्या भागावर स्वतंत्र हीटसिंक असलेलाच बोर्ड निवडावा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंशांच्या वाढीमागे साधारण निम्मे होते, हा नियम इथल्या उन्हाळ्यात फार महत्त्वाचा ठरतो. साठवणुकीसाठी साटा जोडणीची एसएसडी घ्यावी. अतिवेगवान एनव्हीएमई प्रकारची एसएसडी आपल्या कामात वेग देत नाही, उष्णता मात्र देते.

एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा भाग, पूर्ण बिनपंख्याचा किंवा हलक्या भाराखाली पंखा बंद ठेवणारा, दोन्ही चालतील. पंखे गेल्यावर मात्र कॉइलची बारीक, उंच पट्टीची किणकिण ऐकू येऊ लागते. खरेदी करताना परत देण्याची मुदत विचारून घ्यावी आणि त्या मुदतीत रात्री कान लावून तपासावे. घरात इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा असावा, कारण चौकोनी लहरींवर एसएमपीएस गुणगुणतो.

छताचा पंखा किंवा वाळ्याचा कूलर चालू असेल तेव्हा संगणकाला त्या हलत्या हवेचा मोठा लाभ होतो. मुद्रणाच्या वेळी आपण ते बंद करणार, म्हणजे संगणकाची कसोटी नेमकी तेव्हाच लागणार. म्हणून चाचणी मे महिन्यात, दुपारी, खोलीतले पंखे बंद ठेवून घ्यावी. एवढा धातू तापायला वेळ लागतो, त्यामुळे दहा मिनिटांची चाचणी फसवी असते. ओसीसीटी किंवा स्ट्रेस-एनजी हा प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा प्रोग्राम किमान दोन तास चालवावे आणि तापमानाची रेषा सपाट होईपर्यंत थांबावे. रायझन ५६००जीची मर्यादा ९५ अंशांची आहे. ८५ च्या वर स्थिरावला तर शक्तिमर्यादा ५ वॅटने खाली आणून पुन्हा दोन तास चालवावा.