दोन महिन्यांचा करार, दहा वर्षांचे हप्ते

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "आम्ही खडकीचे. मुलगा 24 वर्षांचा, हॉकीत बचाव फळीत खेळतो. तीन वर्षांपूर्वी क्रीडा कोट्यातून रेल्वेत लागला, पगार 45 हजार. मागच्या हंगामात हॉकी इंडिया लीगमध्ये एका संघाने त्याला 5 लाखांना घेतलं. यंदा तोच संघ एका हंगामाचे 10 लाख देतो आहे. त्याचं काम पाहणारे मध्यस्थ म्हणतात, एका हंगामाचा करार कशाला, यंदा सोडा, पुढच्या लिलावात 15 लाख कुठे गेले नाहीत. शिवाय दोन महिने बिनपगारी रजा घ्यावी लागेल असं दिसतं. करार घ्यावा की थांबावं? मागच्या वर्षीचे पैसे आम्ही उधळले नाहीत. बँकेतल्या साहेबांच्या सांगण्यावरून मुलाच्या नावे गॅरंटीड विमा योजनेत 3 लाख भरले. दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी 62 लाख मिळणार. मार्चचा दुसरा हप्ता या करारातून जाईल. करार नाही झाला तर पतसंस्थेत 14 टक्क्यांनी कर्जाचं बोलून ठेवलंय."

करार घ्या. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. मध्यस्थांचं गणित बोटांवर तपासता येतं. यंदाचे 10 सोडून पुढच्या वर्षी 15 मिळाले, तर दोन वर्षांत 15. यंदा 10 घेतले आणि पुढच्या वर्षीही 10च मिळाले, तरी 20. म्हणजे त्यांचा अंदाज शंभर टक्के खरा ठरला तरी तुम्ही 5 लाखांनी मागे. आणि हंगामभर मैदानाबाहेर बसलेल्या बचावपटूचा भाव लिलावात वाढतो कसा, हे त्यांनाच विचारा.

15 लाखांची आशा कुठून आली तेही कळतं. ऑक्टोबर 2024च्या लिलावात पुरुष संघांकडे प्रत्येकी 4 कोटी होते आणि संघ 24 जणांचा. भागाकार केला की डोक्यामागे साडेसोळा लाखांच्या थोडं वर येतात. पण त्याच लिलावात एकट्या हरमनप्रीत सिंगवर 78 लाख गेले. असे दोन-तीन बडे खेळाडू घेतले, परदेशी खेळाडूंचा वाटा बाजूला काढला, की खालच्या डझनभर मुलांच्या वाट्याला सरासरीच्या बरंच खालचं येतं. मूळ किमतीच्या पायऱ्या 2, 5 आणि 10 लाख अशा होत्या. हात वर झाला नाही तर शून्य, आणि ही शक्यता मध्यस्थ कधी बोलून दाखवत नाहीत.

आता 10 लाखांतले हातात किती? मध्यस्थाचे 10 टक्के धरले तर 1 लाख, स्टिक, बूट, फिजिओ आणि प्रवासाचे 80 हजार. उरले 8 लाख 20 हजार. बिनपगारी रजेने 90 हजारांचा पगार बुडाला की 7 लाख 30 हजार. संघ 10 टक्के टीडीएस कापून पैसे देईल. टीडीएस कापला म्हणजे कराचा विषय संपला, असा घरोघरी समज असतो. तो काढून टाका. पगार आणि करार यांची बेरीज होऊनच कर ठरतो.

नव्या करप्रणालीत, 2025-26च्या दरांनी बघू. दहा महिन्यांचा पगार साडेचार लाख, त्यातून 75 हजारांची प्रमाणित वजावट गेली, उरले पावणेचार. त्यात कराराचे 8.20 मिळवले की 11 लाख 95 हजार. 12 लाखांच्या आत, म्हणजे कर शून्य आणि कापलेला 1 लाख परत. बँकेच्या व्याजाने 12 लाखांची रेघ थोडी ओलांडली तरी घाबरू नका. सीमांत सवलतीमुळे रेघेच्या वर जेवढं उत्पन्न, साधारण तेवढाच कर लागतो. पगारी रजा मिळाली तर मात्र उत्पन्न 12 लाख 85 हजार आणि कर साधारण 76 हजार. म्हणजे 90 हजार पगार वाचवून हातात राहतात जेमतेम 14 हजार! तरीही पगारी रजेसाठीच अर्ज करा. बिनपगारी रजेचा परिणाम वेतनवाढीवर आणि सेवेच्या मोजणीवर होऊ शकतो. रजा कोणतीही असो, खेळण्याची परवानगी आणि रजेचा प्रकार दोन्ही लेखी हवेत, आणि तेही करारावर सही करण्याआधी. रेल्वेच्या स्वतःच्या स्पर्धांच्या तारखा आड येतात का, तेही तेव्हाच बघा.

खर्चाची वजावट बिलं असतील तरच. मध्यस्थाचे पैसे बँकेतून द्या, एका दिवसात एका माणसाला 10 हजारांच्या वर रोख दिलेला खर्च धरला जात नाही. निम्मं उत्पन्नच नफा दाखवायची जी सवलत डॉक्टर-वकिलांना मिळते, त्या यादीत खेळाडू नाहीत. कुणी तसा रिटर्न भरून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. रिटर्न आयटीआर-3 मध्ये जाईल, नोकरदारांच्या सोप्या फॉर्ममध्ये नाही.

कराराची जी पानं पाठवलीत त्यात दोन कलमं बोचतात. पहिलं, 30 टक्के रक्कम हजर झाल्यावर आणि 70 टक्के हंगाम संपल्यावर 60 दिवसांत. म्हणजे 7 लाख रुपये सगळं खेळून झाल्यावर. दुसरं, खेळाडू ज्या सामन्यांना 'उपलब्ध' असेल त्या प्रमाणात मोबदला. दहा सामने धरा, चौथ्या सामन्यात मांडीचा स्नायू फाटला आणि पुढचे सहा हुकले, तर 6 लाख गेले. दुखापत संघाच्याच सामन्यात किंवा सरावात झाली तर कपात नाही आणि उपचाराचा खर्च संघाचा, हे वाक्य घालून मागा. 'करार छापील आहे, बदलत नाही' असं उत्तर येईल. मग हेच दोन प्रश्न ईमेलवर विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

इथवर सगळं ठीक. तुमच्या पत्रातली काळजीची ओळ शेवटून दुसरी आहे, आणि ती तुम्ही शहाणपण म्हणून लिहिली आहे.

मागच्या वर्षी 5 लाखांतून टीडीएस जाऊन खात्यात साडेचार लाख आले. त्यातले 3 लाख एका सहीने गेले, आणि सोबत आणखी नऊ वर्षं दरवर्षी 3 लाख द्यायचं वचनही गेलं. ज्याचा वर्षाचा पगार 5 लाख 40 हजार आहे त्याला हे वचन पगारातून पाळता येणार नाही, म्हणजे ते लीगच्या भरवशावर दिलेलं आहे. ही लीग 2013 मध्ये सुरू झाली, 2017च्या हंगामानंतर बंद पडली आणि परत आली ती थेट डिसेंबर 2024 मध्ये. मधल्या सात वर्षांत ज्यांची उमेदीची वर्षं गेली त्या मुलांचे हप्ते कुणी भरले असते? एका हंगामाचा करार वाईट नसतो. त्याच्यावर दहा वर्षांचं ओझं टाकलं की तो वाईट ठरतो. मग दुखरा गुडघा घेऊन मुलगा खेळेल, कारण मार्च जवळ आला आहे.

बरं, एवढं करून मिळतं काय? दहा वर्षं 3 लाख, विसाव्या वर्षी 62 लाख. '30 भरा, 62 घ्या, दुप्पट' असं ते ऐकायला लागतं. दर काढला तर वर्षाला पावणेपाच टक्के. पीपीएफच्या आजच्या 7.1 टक्क्यांनी तेच हप्ते तेवढ्याच काळात 88 लाखांच्या आसपास जातात. (पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाखच भरता येतात, ही तुलना फक्त दराची.) रक्कम करमुक्त मिळते असंही साहेबांनी सांगितलं असेल. पीपीएफचीही करमुक्तच असते. आणि पतसंस्थेचे 14 टक्के? 3 लाखांवर वर्षाला 42 हजार व्याज देऊन सव्वाचौदा हजार कमवायचे. तो विचार आजच सोडा.

विमा म्हणून बघितलं तरी तेच. अशा योजनेत विमा सहसा हप्त्याच्या दहापट, म्हणजे 30 लाख. 24 वर्षांच्या निर्व्यसनी मुलाला 1 कोटीचा साधा टर्म विमा वर्षाला दहा-बारा हजारांच्या घरात मिळतो. त्यात परत काही मिळत नाही, म्हणून तो विकण्यात कुणाला रस नसतो.

करायचं काय ते सांगतो. पॉलिसीचे कागद काढा आणि प्रस्तावाच्या अर्जात व्यवसाय आणि वार्षिक उत्पन्न काय लिहिलंय ते वाचा. व्यवसाय नुसता 'नोकरी' आणि उत्पन्न 10-12 लाख असं असेल तर दोन्ही घातक. खेळाडू असल्याचं लपवलं म्हणून उद्या दावा अडू शकतो, आणि फुगवलेलं उत्पन्न हा चुकीच्या विक्रीचा पुरावा आहे. 'एफडीसारखंच आहे' असे मेसेज साहेबांनी पाठवले असतील तर जपून ठेवा. आधी विमा कंपनीकडे आणि बँकेकडे लेखी तक्रार, 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे आणि वकील लागत नाही. पॉलिसी देण्याआधी कंपनीने पडताळणीचा फोन केला असेल आणि मुलगा प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणाला असेल, तर बाजू थोडी कमजोर होते, तरी तक्रार करा.

पॉलिसी परत करायचा 30 दिवसांचा काळ तर उलटून गेला. पण 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमांमुळे एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरून पहिलं वर्ष संपलं की समर्पण मूल्य (पॉलिसी मध्येच बंद केली तर परत मिळणारी रक्कम) मिळतं. पूर्वी या टप्प्यावर हात हलवत परत यावं लागायचं. शाखेत अर्ज देऊन दोन आकडे लेखी मागा: पहिलं वर्ष संपताच बंद केली तर किती, आणि हप्ते थांबवून पेड-अप (भरलेल्या हप्त्यापुरती चालू) ठेवली तर विसाव्या वर्षी किती. समजा 3 लाखांतले 1 लाख 60 हजार परत मिळाले. 1 लाख 40 हजारांचं नुकसान झोंबेल. पण ते झालेलं आहे, पुढचे हप्ते भरून ते भरून निघत नाही. ते सोडून उरलेल्या नऊ हप्त्यांचं गणित केलं तरी परतावा सव्वापाच टक्क्यांच्या पुढे जात नाही, आणि त्यासाठी आणखी 27 लाख अडकतात. आकडे फारच वेगळे आले तर पुन्हा लिहा. नाहीतर बंद करा.

साहेब फोन करतील आणि म्हणतील, ही बंद करून दुसरी चांगली योजना देतो. फोन ठेवा.

नव्या पैशांतून सहा महिन्यांचा घरखर्च आधी वेगळ्या एफडीत. मग टर्म विमा, आणि त्यात व्यवसाय 'रेल्वे कर्मचारी व हॉकी खेळाडू' असाच लिहायचा. मग अपघात विमा, पण इथे डोळे उघडे ठेवा: बऱ्याच वैयक्तिक अपघात पॉलिसींत व्यावसायिक खेळात झालेली दुखापत वगळलेली असते. हप्ता भरण्याआधी अपवादांचं पान वाचा आणि 'व्यावसायिक हॉकी सामन्यातील दुखापत धरली जाते का' याचं उत्तर लेखी घ्या. नसेल धरली जात तर ती पॉलिसी तुमच्या मुलासाठी कागद आहे. उरलेल्यातून दीड लाख पीपीएफ. त्यापुढचं काही राहिलं तर आत्ता बँकेत राहू द्या, लगेच कुठे तरी गुंतवलंच पाहिजे असं नाही. मागच्या वर्षी तीच घाई झाली होती.

एक गोष्ट मात्र या आठवड्यात करा. हप्त्यासाठी खात्यावर ऑटो-डेबिटची मंजुरी दिलेली असणार, आणि लीगचे पैसे येणार ते खातंही तेच. शाखेत जाऊन ती मंजुरी रद्द करून घ्या, रद्द झाल्याची पोच घ्या, आणि संघाला दुसऱ्या बँकेचा खाते क्रमांक कळवा.