‘के. के.’मधला पहिला ‘के’

तुमचा प्रश्न असा: ‘कर्मवीर भाऊराव’ म्हणजे पाटील, मग नाशिकमध्ये ‘कर्मवीर भाऊराव गायकवाड’ लिहितात ते चुकून का?

चूक नाही. दोघेही भाऊराव आणि दोघेही कर्मवीर. पाटील कुंभोजचे, १९१९मध्ये रयत शिक्षण संस्था उभारणारे. गायकवाड आपल्या दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. २ मार्च १९३०ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो बाबासाहेबांच्या मागे उभं राहून नेटाने चालवणारे. फरक कळतो तो घरगुती हाकेवरून: पाटील ‘अण्णा’, गायकवाड ‘दादासाहेब’. (अर्थात नुसतं दादासाहेब म्हटलं तर त्र्यंबकेश्वरी जन्मलेले फाळकेही आहेतच!)

शब्दाकडे येऊ. बोलताना आपण ‘कर्म माझं!’ म्हणून कपाळाला हात लावतो, तिथे कर्म म्हणजे नशीब. ‘कर्मवीर’मधलं कर्म त्याच्या अगदी उलट, हाताने केलेलं काम. संस्कृत साहित्यशास्त्रात दानवीर, दयावीर, धर्मवीर, युद्धवीर असे वीराचे प्रकार सांगितले आहेत. कर्मवीर त्याच घडणीचा शब्द. आणि वीररसाचा स्थायीभाव, म्हणजे त्याच्या मुळाशी असलेली भावना, क्रोध नव्हे, उत्साह आहे. म्हणून रक्ताचा थेंब न सांडता शाळा काढणाऱ्याला, मंदिराच्या दारात ठाण मांडणाऱ्याला ‘वीर’ म्हणणं मला पूर्ण सार्थ वाटतं. ‘कर्मयोगी’ने ते साधलं नसतं. योग्यात अलिप्तपणा येतो, ही माणसं तर कामात गळ्यापर्यंत बुडालेली.

नाशिककर हा शब्द रोज उच्चारतात, फक्त ओळखत नाहीत. इथल्या शिक्षणसंस्थांची नावंच पाहा. ‘के. के. वाघ’मधला पहिला ‘के’ म्हणजे कर्मवीर, दुसरा काकासाहेब. ‘केआरटी’ कॉलेज म्हणजे कर्मवीर रावसाहेब थोरात. ‘केबीटी’ कॉलेज म्हणजे कर्मवीर बाबुराव ठाकरे. एरवी आद्याक्षरं म्हणजे स्वतःचं नाव आणि वडिलांचं. ‘के. के.’मध्ये मात्र एक लोकांनी दिलेली पदवी आणि दुसरी लोकांनी मारलेली हाक! आद्याक्षरांत इतका जिव्हाळा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

तेव्हा तुमच्या लेखात ‘कर्मवीर दादासाहेब गायकवाड’ असं पूर्ण लिहा. नुसतं ‘कर्मवीर’ भाऊराव पाटलांच्या साताऱ्यात पुरेल, नाशिकमध्ये लगेच विचारतील, “कोणते?”