न सापडलेल्या तेलाचा आकडा येतो कुठून?

तुम्ही विचारलंय, विहीर खोदलेलीच नसताना ‘अजून इतके कोटी बॅरल तेल सापडायचं आहे’ असं कशावरून सांगतात, आणि आपल्या साताऱ्याच्या डोंगराखाली ते का नसावं?

मी सांगलीत संख्याशास्त्र शिकवते, माहेर तासगावकडचं. भुईमूग निघाला की आम्ही पोरी सरवा वेचायला जायचो. पहिल्या फेरीत टपोऱ्या शेंगा मिळायच्या, कारण मोठी शेंग आधी नजरेत भरते. मग बारक्या, मग पोचट. तिसऱ्या फेरीला ओच्यातल्या शेंगा बघूनच आजी सांगायची, रानात आता काय उरलंय ते.

तेलाचं असंच असतं. साठा जेवढा मोठा, तेवढा तो लवकर सापडायची शक्यता जास्त. आर्प्स आणि रॉबर्ट्स यांनी १९५८ साली अमेरिकेतल्या एका तेलखोऱ्यासाठी हे सूत्रात मांडलं, पुढं कॉफमन यांनी त्याला संभाव्यतेचा पाया दिला. म्हणून कुठला साठा कितवा सापडला आणि तो केवढा, ही यादी सोन्यासारखी. सापडलेल्या साठ्यांची सरळ सरासरी उरलेल्यांना लावली तर अंदाज फुगतो. वर्गात ही चूक दरवर्षी होते, आणि दरवर्षी मी सरव्याची गोष्ट सांगते.

जिथं विहिरी फारशा नाहीत, तिथं साठे किती आणि केवढे असू शकतील याच्या मर्यादा भूशास्त्रज्ञ ठरवतात आणि संगणक त्यातून हजारो वेळा चिठ्ठ्या उचलतो. त्यातून एक आकडा नव्हे, पट्टा मिळतो: निदान एवढं तेल असण्याची शक्यता ९५ टक्के, एवढं असण्याची ५० टक्के, एवढं असण्याची फक्त ५ टक्के. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २००८ मध्ये आर्क्टिकसाठी दिलेले ९,००० कोटी बॅरल ही सरासरी होती. बातमीत नेमका पट्टाच गळतो.

आता सातारा. तेल तयार करणारा गाळाचा खडक, साठवणारा खडक आणि वरचं झाकण, तिन्ही हवेत. समजा त्यांच्या शक्यता ०.८, ०.६, ०.५ आहेत, गुणाकार ०.२४. एक शून्य असेल तर सगळंच शून्य. कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी रासाटीजवळ खोल विवर घेतलं, तेव्हा सुमारे ९३० मीटर बेसॉल्टखाली, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडाखाली, थेट ग्रॅनाइटी खडक लागला. मध्ये गाळाचा थर नाही. कोयनेपुरता पहिलाच गुणक गेला. सौराष्ट्रात मात्र याच बेसॉल्टखाली गाळाचे खडक आहेत. तिथं गुणाकार पहिल्यापासून मांडावा लागतो.