घरच्या कॉम्प्युटरसाठी अँटिव्हायरस विकत घ्यावा का? घ्यायचा तर कोणता?

तुमच्या प्रश्नावरून समजलं ते असं: कोल्हापुरातच असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप, सातव्या पिढीचा आय३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क आणि विंडोज १०. वापर म्हणजे मुलांचे प्रोजेक्ट, बँकेचे व्यवहार, सातबारा काढणं, फॉर्म भरणं. राजारामपुरीतले दुकानदार तीन वर्षांचं टोटल सिक्युरिटी (अँटिव्हायरसचा वरचा, महाग प्रकार) घ्या म्हणतात आणि भाचा म्हणतो की विंडोजमध्ये आहे तेवढं बास झालं.

माझ्या मते भाच्याचं म्हणणं बरोबर आहे, पण निम्मंच. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हा पूर्ण ताकदीचा अँटिव्हायरस आधीपासूनच असतो. जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही संस्था संरक्षण, वेग आणि वापरातला त्रास या तीन बाबींना प्रत्येकी ६ असे १८ पैकी गुण देते. त्या चाचण्यांत डिफेंडर गेली काही वर्षं पैसे देऊन घ्यायच्या अँटिव्हायरसांच्या बरोबरीनं वरच्या गटात असतो. तेव्हा घरच्या वापरासाठी तो पुरतो. अट एवढीच, की तो खरोखर चालू असला पाहिजे. असेंबल केलेल्या मशीनवर नेमकी इथंच गडबड असते.

दुकानातून आलेल्या अशा बऱ्याच डेस्कटॉपवर विंडोज ‘ॲक्टिव्हेटर’, म्हणजे लायसन्स न घेता विंडोज चालू करून देणारा चोरटा प्रोग्राम, वापरून चालवलेलं असतं. हे ॲक्टिव्हेटर चालवायचं म्हटलं की डिफेंडर आडवा येतो. म्हणून टाकणारा माणूस डिफेंडर बंद करतो, किंवा ‘या फोल्डरकडे बघू नकोस’ अशी सूट देऊन ठेवतो. पुढं ती सूट कुणी काढत नाही. त्यामुळं वर सगळं हिरवं दिसतं आणि आत व्हायरसला मोकळं रान मिळतं.

हे तपासायला स्टार्टमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ शोधून उघडा. ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये जाऊन ‘मॅनेज सेटिंग्ज’वर क्लिक करा. रिअल-टाइम प्रोटेक्शन, क्लाउड-डिलिव्हर्ड प्रोटेक्शन आणि टॅम्पर प्रोटेक्शन ही तिन्ही बटणं चालू हवीत. तसंच खाली सरकत जा. तळाजवळ ‘एक्स्क्लूजन्स’ (वर सांगितलेली सूट) आहे, तिथं ‘ॲड ऑर रिमूव्ह एक्स्क्लूजन्स’ उघडा. तुम्ही स्वतः कधी काही घातलं नसेल तर ही यादी रिकामी असली पाहिजे. तिथं अख्खा सी ड्राइव्ह किंवा अनोळखी फोल्डर दिसला तर तो काढून टाका, मशीन रीस्टार्ट करा आणि यादी पुन्हा बघा. काढलेली नोंद परत आलेली असेल, किंवा घरच्या मशीनवर ‘ही सेटिंग ॲडमिनिस्ट्रेटरच्या ताब्यात आहे’ अशा अर्थाची लाल ओळ दिसत असेल, तर आतला कुठला तरी प्रोग्राम ते मुद्दाम करतोय असं समजा. अशा मशीनवर नवा अँटिव्हायरस टाकण्यात अर्थ नाही. डेटा बाजूला काढा, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या, निदान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर इन्स्टॉलर बनवा आणि विंडोज नव्यानं टाका. लायसन्सचा खर्च करायचाच असेल तर टोटल सिक्युरिटीच्या आधी अस्सल विंडोजवर करा.

लॅपटॉपवाल्यांची अडचण वेगळी असते. लॅपटॉपबरोबर आलेल्या अँटिव्हायरसची मोफत मुदत संपते, पण तो तसाच बसून राहतो. विंडोज सिक्युरिटीतल्या सेटिंग्जमध्ये ‘मॅनेज प्रोव्हायडर्स’ उघडलं की सध्या राखण नक्की कोण करतंय ते कळतं. मुदत संपलेला दिसला तर तो ॲप्सच्या यादीतून अनइन्स्टॉल करा आणि रीस्टार्ट करा. तरी डिफेंडर जागा झाला नाही, तर त्या कंपनीचं स्वतःचं रिमूव्हल टूल मिळतं ते चालवा. नुसत्या अनइन्स्टॉलनं काही ड्रायव्हर मागं उरतात आणि ते वाट अडवून बसतात.

आता विंडोज १० बद्दल. दुकानदारांनी हे सांगितलेलं दिसत नाही, पण तुमच्यासाठी ते अँटिव्हायरसपेक्षा महत्त्वाचं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. डिफेंडरच्या व्हायरस ओळखायच्या याद्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील असं मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलंय, पण विंडोजमधली भोकं बुजवणं ही वेगळी गोष्ट आहे. दाराची कडी मोडलेली असताना राखणदार बदलून फार फरक पडत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला, तेव्हा त्यानं वापरलेलं भोक बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं. ज्यांनी ते घेतलं होतं त्यांच्या मशीनमध्ये त्या भोकातून तो शिरू शकला नाही.

तुमचा सातव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, कारण मोजके अपवाद सोडले तर इंटेलची ती यादी आठव्या पिढीपासून सुरू होते. म्हणून आत्ता करण्यासारखं म्हणजे वाढीव सुरक्षा अपडेटच्या योजनेत नाव घालणं. त्यासाठी विंडोज १० ची शेवटची आवृत्ती, म्हणजे २२एच२, लागते. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर ‘एनरोल नाउ’ची लिंक येते. मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर हे फुकटात होतं, नाहीतर ३० डॉलर किंवा तेवढी रक्कम रुपयांत. ही सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. त्यानंतर याच मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाका किंवा मशीन बदला. हेच कारण आहे की मी तुम्हाला तीन वर्षांचा अँटिव्हायरस घेऊ नका म्हणतोय.

घरच्या मशीनमध्ये व्हायरस येतो कुठून? आपल्याकडं पहिला मान पेन ड्राइव्हचा. विद्यापीठाच्या आसपास असो की बिंदू चौकाकडं, झेरॉक्स सेंटरच्या एकाच मशीनला दिवसभरात कितीतरी पेन ड्राइव्ह लागतात, त्यामुळं एकाचा रोग सगळ्यांना होतो. विंडोज ७ पासून पेन ड्राइव्ह लावताच आपोआप प्रोग्राम सुरू होणं बंद झालं. म्हणून हे व्हायरस आता क्लिक तुमच्याकडूनच करवून घेतात. तुमचे फोल्डर लपवतात आणि त्याच नावाचे शॉर्टकट समोर मांडतात. फोल्डरच्या चित्रावर कोपऱ्यात छोटा बाण दिसला की तिथंच थांबा.

डेटा गेलेला नसतो. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटम्स’वर टिक केली तरी बऱ्याचदा काही दिसत नाही, कारण त्या फायलींवर ‘सिस्टिम’चाही शिक्का मारलेला असतो. ‘ऑप्शन्स’ उघडून त्यातल्या ‘व्ह्यू’ टॅबवरची ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ची टिक काढली की त्या दिसतात. कधीकधी सगळा माल नाव नसलेल्या एका फोल्डरमध्ये कोंबलेला सापडतो. शॉर्टकटना हात न लावता फक्त स्वतःची कागदपत्रं आणि फोटो बाहेर कॉपी करा, त्यांचं स्कॅन करा, पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा आणि काढलेली टिक परत लावा. तिथंच ‘हाइड एक्स्टेन्शन्स फॉर नोन फाइल टाइप्स’चीही टिक काढून ठेवा, म्हणजे पीडीएफच्या नावाखाली आलेली ईएक्सई, म्हणजे प्रोग्रामची, फाइल ओळखता येते. खरं तर प्रिंटसाठी पेन ड्राइव्ह न्यायचाच कशाला? फाइल ईमेलनं किंवा व्हॉट्सॲपवर पाठवा. आधार कार्ड वगैरे असेल तर प्रिंट झाल्यावर त्यांच्या मशीनवरून डिलीट करायला लावा.

दुसरी वाट क्रॅक केलेल्या, म्हणजे लायसन्स मोडून फुकट वाटलेल्या सॉफ्टवेअरची: फोटो एडिटिंगचं, हिशेबाचं, मराठी फॉन्टचं, मुलांच्या गेमचं. ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना जिथं असेल ते सॉफ्टवेअर कितीही गरजेचं वाटलं तरी टाकू नका. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं स्टॉप नावाचं रॅन्समवेअर मुख्यतः अशा क्रॅकमधूनच पसरलं. डिफेंडरमध्ये ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’खाली ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ असतं, पण मुळात ते बंद असतं. ते चालू करा. ते डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असे ठरावीक फोल्डर राखतं; आपल्याकडं बहुतेकांचा माल डी ड्राइव्हवर असतो, तेव्हा तो फोल्डर ‘प्रोटेक्टेड फोल्डर्स’मध्ये हातानं घालावा लागेल. यानंतर एखादं जुनं सॉफ्टवेअर ‘फाइल सेव्ह होत नाही’ म्हणून कुरकुरेल. त्याची खात्री असेल तरच त्याला तिथूनच परवानगी द्या.

एवढं करूनही रॅन्समवेअरवरचा भरवशाचा इलाज बॅकअप हाच आहे. बाहेरची हार्ड डिस्क घ्या, आठवड्यातून एकदा लावा, कॉपी करा आणि काढून ठेवा. कायम जोडलेली डिस्कही मशीनबरोबरच कुलूपबंद होते. आणि आपल्या गावात आणखी एक विचार करावा लागतो. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी ज्या भागांत शिरलं तिथं राहत असाल, तर एक प्रत उंचावरच्या नातेवाइकांकडं ठेवा.

विकत घेणं कधी योग्य? मशीनला नेट क्वचितच असेल तर. डिफेंडरची बरीचशी ताकद क्लाउडवर अवलंबून आहे. नेट नसताना त्याची पकड ढिली पडते हे चाचण्यांत वारंवार दिसलंय. किंवा त्याच मशीनवर दुसऱ्यांची कागदपत्रं हाताळण्याचं काम चालत असेल आणि अडचण आली की घरी येऊन बघणारा माणूस हवा असेल, तर. तेव्हा पुण्याचं क्विक हील, मुंबईचं ईस्कॅन, चेन्नईचं के७ किंवा रुमानियाचं बिटडिफेंडर यातलं जे आपल्या मशीनला जड जात नाही ते घ्या. आधी ट्रायल टाकून बघा. ‘टोटल’ घेऊ नका. व्हायरस पकडणारं इंजिन स्वस्त प्रकारातही सहसा तेच असतं. वरचे पैसे ट्यून-अप, पॅरेंटल कंट्रोल अशा जोडण्यांचे असतात आणि ४ जीबी रॅमवर त्यांचं ओझंच होतं. एक वर्षाचं घ्या, लायसन्स-की (नोंदणीचा क्रमांक) लिहिलेलं पक्कं बिल घ्या आणि नोंदणी स्वतःच्या मोबाइल नंबरवर व ईमेलवर करा. दुकानाच्या नंबरवर झाली तर पुढच्या वर्षी सगळं त्यांच्या हातात राहतं. ऑनलाइन घेतलंत तर ऑटो-रिन्युअल लगेच बंद करा, कारण पहिल्या वर्षाची सवलत दुसऱ्या वर्षी नसते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याआधी २४ तास सूचना येते, ती वाचत जा.

फुकटातले अवास्ट आणि त्याच कंपनीचं एव्हीजी मी सुचवणार नाही. वापरणाऱ्यांची ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल अवास्टला अमेरिकेत २०२४ साली १ कोटी ६५ लाख डॉलर भरावे लागले. आणि काहीही टाकलं तरी सतत जागे राहणारे दोन अँटिव्हायरस एका मशीनवर ठेवू नका. दोघं एकाच फाइलवर झडप घालतात आणि मशीन गोठतं.

मशीन आत्ताच संथ असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ (हा डिफेंडरचाच भाग) यादीत वर आणि डिस्क १०० टक्के दिसत असेल, तर दोष जुन्या हार्ड डिस्कचा आहे. दिवसातून अर्धा तास चालणाऱ्या मशीनवर अपडेट आणि स्कॅन तुंबतात आणि तुम्ही बसलात की एकदम सुरू होतात. रविवारी तासभर मशीन नुसतं चालू ठेवा. टोटल सिक्युरिटीचे पैसे वाचतील त्यात थोडी भर घालून २५६ जीबीची एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) बसवा. नवीन मशीन घेतलं तरी ती बाहेरच्या केसमध्ये घालून वापरता येईल.

व्हायरस आत असल्याचा संशय असेल तर ‘स्कॅन ऑप्शन्स’मधलं ऑफलाइन स्कॅन चालवा. मशीन रीस्टार्ट होतं, विंडोज सुरू होण्याआधी साधारण १५ मिनिटं तपासणी होते आणि त्यामुळं लपून बसलेलेही सापडतात. मध्ये लाइट जाऊ नये म्हणून यूपीएस चार्ज असताना करा. दुसरं मत हवं असेल तर सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर सफाईची मोफत टूल्स आहेत.

बँकेच्या व्यवहारांबाबत एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. स्क्रीनभर लाल इशारा, भोंगा आणि ‘या नंबरवर फोन करा’ असं आलं तर ती फसवणूक आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. ब्राउझर टास्क मॅनेजरमधून बंद करा. फोनवरच्या माणसाच्या सांगण्यावरून एनीडेस्क (दुरून मशीन चालवू देणारं ॲप) टाकून त्याला आत घेतलं, तर कुठलाही अँटिव्हायरस अडवणार नाही, कारण परवानगी तुम्हीच दिलेली असते. तसं झालंच तर आधी नेटची वायर काढा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं गोठवा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी अडवता येतात ते या पहिल्या काही मिनिटांतच.