आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, गावात फिजिओथेरपिस्ट नाही. व्हिडिओ कॉलवरची फिजिओथेरपी पुरेल का?

तुम्ही लिहिलंय की आईचा उजवा गुडघा पुण्यात बदलला, टाके निघाले, आता त्या पाटणजवळ गावी आहेत आणि घरी यायला कुणी फिजिओथेरपिस्ट मिळत नाही. मी पुण्यात हेच काम करते. कोविडमध्ये नाइलाज म्हणून व्हिडिओ कॉलवर पेशंट बघायला लागले, ते अजून चालू आहे, कारण ऑपरेशन पुण्यात करून गावी परतणारे खूप.

पुरेल. पण मधूनमधून गुडघ्याला कुणाचा तरी जाणता हात लागला पाहिजे. कॅनडातल्या एका अभ्यासात (२०१५) गुडघा बदललेल्या २०५ जणांचे दोन गट केले होते. एका गटाच्या घरी फिजिओथेरपिस्ट जायचे, दुसऱ्याला व्हिडिओवरून व्यायाम करून घ्यायचे. शेवटी दोन्ही गट जवळपास सारखेच निघाले. मात्र तिथे पडद्यावर जिवंत माणूस होता, चुकलं की टोकणारा. व्हॉट्सअ‍ॅपवर चार व्हिडिओ ढकलून महिन्याचे पैसे घेणाऱ्यांना मी यात धरत नाही.

घरचे सगळे मला एकच विचारतात, 'किती वाकतो?' मी आधी बघते तो सरळ किती होतो. पूर्ण सरळ म्हणजे शून्य अंश; गुडघा पाच-दहा अंश वाकलेलाच अडकून राहिला तर चालताना लंगड राहते, मांडी लवकर भरून येते, आणि दीड-दोन महिने उलटल्यावर ते सोडवायला जीव जातो. बहुतेक घरांत याचं कारण उशी असतं. दुखतंय म्हणून गुडघ्याखाली सारतात, बरं वाटतं, मग रात्रभर तशीच. ती आजच काढा. टॉवेलची घट्ट गुंडाळी टाचेखाली ठेवा म्हणजे गुडघा अधांतरी राहील. मग मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचा, सोडायचा. नवारीच्या खाटेवर हे होणार नाही, मध्ये झोळ पडतो. दिवाण हवा.

वाकण्याचं म्हणाल तर दोन आठवड्यांच्या सुमारास ९० अंश आणि तीन महिन्यांत ११० ते १२० असा साधारण हिशोब असतो. मांडी घालून बसणं त्यात धरू नका, ते सर्जनना विचारा. झोपून टाच नितंबाकडे ओढायचा व्यायाम सांगितला असेलच. गादीवर टाच अडकते आणि आई 'होत नाही' म्हणून सोडून देतात. पायात मोजा घाला, खाली गुळगुळीत फळी किंवा मोठा ट्रे ठेवा, टाच आपसूक सरकते. उभं राहण्याआधी मोजा काढायला विसरू नका, फरशीवर घसरल्या तर नवीनच दुखणं. व्यायामाआधी अर्धा तास डॉक्टरांनी लिहून दिलेली दुखण्याची गोळी, नंतर पंधरा मिनिटं बर्फ, फडक्यात गुंडाळून.

कॉलच्या वेळी फोन हातात धरू नका, हलतो. पलंगाच्या उंचीच्या स्टुलावर, आईच्या बाजूला ठेवा. कंबर, गुडघा, घोटा, तिन्ही दिसायला हवेत. मी स्क्रीनशॉटवर रेघा मारून कोन मोजते, चार-पाच अंश इकडेतिकडे होतात, पण दर आठवड्याला त्याच जागेवरून काढलेल्या फोटोंत फरक कळतो. आणि साडी! मला नुसता साडीचा घोळ दिसतो. गाउनखाली पोटरीपर्यंतची लेगिंग घालायला सांगा, गुडघ्याच्या वर सरकवता येईल अशी सैल. शक्यतो बाई फिजिओथेरपिस्ट शोधा. पुरुषासमोर पाय उघडा करायला लाजून 'सगळं होतंय की' म्हणत वेळ मारून नेणाऱ्या कितीतरी आज्या मी पाहिल्यात.

फोनवरून जे होत नाही ते हाताचं काम. गुडघ्याची वाटी हलवून बघणं, व्रण मोकळा करणं, वाकताना अडतंय ते दुखण्याने की आखडल्याने, हे बोटांनाच समजतं. कराड तुम्हाला जवळ आहे, तिथे फिजिओथेरपीचं कॉलेज आहे. आत्ता एकदा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा दाखवून आणा. सहा आठवडे झाले आणि ९० गाठलं नाही तर थांबू नका, सर्जनला गाठा. भूल देऊन गुडघा वाकवण्याचा उपाय असतो, पण तो फार उशिरा केला तर उपयोग कमी.

पोटरी दुखून कडक झाली, सूज चढत चालली, ताप आला किंवा जखमेतून पाणी-पू येऊ लागला तर व्यायाम बंद, त्याच दिवशी डॉक्टर. दम लागला किंवा छातीत दुखलं तर कुणालाही फोन न करता थेट हॉस्पिटल.

तीन महिन्यांचं पॅकेज एकदम भरू नका. राज्याच्या कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा, आणि पहिल्या कॉलआधी डिस्चार्ज कार्ड व एक्स-रेचे फोटो मागणारा बघा, न मागणारा सोडा. तुम्ही पुढच्या आठवड्यात मुंबईला परत जाणार म्हणताय, तर वहिनींना पहिल्या कॉललाच शेजारी बसवा. टॉवेल कुठे ठेवायचा, फोन कुठे टेकवायचा हे त्यांच्या हातून करून घ्या. आणि रेंज कुठल्या खोलीत येते ते आधीच बघून दिवाण तिथे हलवा.