कानात सतत आवाज येतो हे टेस्टमधून सिद्ध करता येतं का?

सध्या तरी नाही, आणि ज्याच्या कानात रात्रभर शिट्टी वाजते त्याला 'रिपोर्ट नॉर्मल आहे' हे ऐकणं फार लागतं. ऑडिओमेट्रीत फक्त ऐकू किती येतं ते कळतं, त्रास किती होतोय ते २५ प्रश्नांचा फॉर्म भरून ठरवतात, म्हणजे पुन्हा पेशंटच्याच सांगण्यावर. पण काम चालूय, मेलबर्नच्या बायोनिक्स इन्स्टिट्यूटने २०२० मध्ये डोक्याला टोपी लावून इन्फ्रारेड प्रकाशाने मेंदूतल्या ऑक्सिजनचे बदल मोजले आणि मशीन लर्निंगने टिनिटस (म्हणजे कानातला हा सततचा आवाज) असलेले-नसलेले साधारण ७८ टक्के अचूक ओळखले, लोक मोजकेच होते पण मला तरी ही दिशा बरोबर वाटते. हां, आवाज नाडीच्या ठोक्यासोबत येत असेल तर ते वेगळं, तो कधीकधी डॉक्टरांना स्टेथोस्कोपनेही ऐकू येतो, ते लगेच दाखवा.