साताऱ्यात १९६५ ची स्टँडर्ड हेरल्ड मोटार आरटीओत पासिंगला न्यायची आहे, रंग अर्धाच झालाय. आधी काय उरकू?

रंग राहू द्या. इन्स्पेक्टर ब्रेक दाबून बघतो. चाकं काढून ब्रेकचे ड्रम उघडा. आतल्या व्हील सिलिंडरच्या (ब्रेक दाबणाऱ्या नळकांड्याच्या) रबरी टोपीखाली ओल दिसली की त्याचं रबर किट बदला, ब्रेकचे रबरी होज तडकलेले असतील तर तेही. मग हँडब्रेक, स्टिअरिंगचा प्ले म्हणजे ढिलेपणा, दिवे, हॉर्न. सपाटीवर भरवसा बसला की यवतेश्वरचा घाट उतरून बघा; पेडल खोल जायला लागलं तर तारीख सरळ पुढे ढकला. पेंटरला मात्र आजच बजावा, चॅसी नंबरवर लांबी (पुट्टी) फासू नको म्हणून. त्याचा पेन्सिलने ठसा घेतात.

गाडीनं पन्नाशी ओलांडलीय, मूळ रूपात असेल तर ‘व्हीए’ मालिकेची व्हिंटेज नोंदणीही मिळते, १० वर्षांची. पण मग रोज पोवई नाक्यावरून मिरवणं बंद. नियमित वापराला ती चालत नाही.